धड्यातली हाक

त्या वर्षी आमच्या घरात रविवारी दुपारी कुकर लावायला बंदी होती. आईला हे अजिबात मान्य नव्हतं. डाळ पातेल्यात शिजवायची म्हणजे तासभर तिच्या तोंडाकडे बघत बसायचं, आणि ते कशासाठी, तर नवऱ्याला मोबाइलशी गप्पा मारायच्यात म्हणून, असं ती शेजारच्या कुंदाकाकूला कुंपणावरून ऐकवायची. ऐकवायची अर्थात हळू आवाजात, कारण आतल्या खोलीत बाबा दार लावून, मोबाइल उशीवर ठेवून त्यात धडा बोलून भरत असायचे. पंख्याची घरघर भरली जाते म्हणून पंखा बंद, आणि टेबलावर ठेवला तर खडखड येते म्हणून उशी. बाहेर आले की बनियन पिळून काढण्यासारखं झालेलं असायचं. आई पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि विचारायची, झालं का तुमचं रेडिओ स्टेशन? बाबा हसायचे, पण बोलायचे नाहीत. उरलेला आवाज ते सोमवारसाठी राखून ठेवत होते.

बाबा आमच्याच गावच्या शाळेत गुरुजी होते. गाव भिवपुरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी बाबांच्या खोलीत. एका खोलीत दोन इयत्ता शिकवायच्या म्हणजे चौथीला गणित घालायचं, तिसरीकडून कविता म्हणून घ्यायची आणि आपलं लक्ष दोन्हीकडे आहे असं भासवायचं. बाबांनी हे वर्षानुवर्षं केलं ते आवाजाच्या जोरावर. तो आवाज शाळेच्या कौलांतून निघून थेट खालच्या शेतात जायचा. गुरुजींचे पाढे ऐकून आमची म्हैसपण शाणी झाली, असं गावात म्हणत. मग तो चिरकायला लागला. आईनं ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं करून पाहिलं. कर्जतच्या डॉक्टरांनी पनवेलला पाठवलं, पनवेलच्यांनी मुंबईला. स्वरयंत्रावर गाठ होती. श्रावणात ऑपरेशन करायचं ठरलं आणि तोवर आवाज चढवायचा नाही अशी ताकीद मिळाली. नंतर बोलता येईल का, असं बाबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव वाचवू. हे आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की दोघं दमून परत आली आणि बाबांच्या हातात एक लाल स्पीकर होता, मेमरी कार्ड घालून वाजवायचा, जेवणाच्या डब्याएवढा. आम्ही त्याला डबाच म्हणायला लागलो.

पहिला धडा साफ फसला. बाबांनी तो बातम्या वाचाव्यात तसा वाचला होता. डबा टेबलावर सुरू करून ते तिसरीकडे वळले आणि इकडे आमची चौथी पेंगायला लागली. राजू तर चक्क घोरला. बाबा मागच्या भिंतीला टेकून आमच्याकडे बघत राहिले, रागावले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "डब्याला डोळे नाहीत गं. पोरगं अडलंय हे त्याला दिसत नाही, तो आपला पुढं जातो. मलाच त्यात थांबून ठेवायला पाहिजे."

पुढच्या रविवारपासून बाबा धड्यात थांबायला लागले. म्हणजे प्रश्न विचारायचे, एका पोराचं नाव घ्यायचे, आणि त्या पोराला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मोबाइलसमोर नुसते गप्प बसायचे. मग शाबास म्हणून पुढे. प्रत्येकाचं थांबणं वेगळं. राजूचं जेमतेम श्वास घेण्याइतकं, कारण राजू प्रश्न संपायच्या आत उत्तर ठोकून द्यायचा, चुकीचं का असेना. सविताचं जरा मोठं, कारण ती आधी वेणीची रिबीन चावायची. माझं नाव ते कधीच घेत नसत, घरची म्हणून. मला याचा भयंकर राग यायचा. पण वर्ग जागा झाला. पोरं ताठ बसून आपल्या नावाची वाट बघायला लागली. डब्यातून नाव आलं की ते पोर उभं राहायचं, आणि तिसरीच्या ओळीतून फिरणारे बाबा त्याच्याकडे वळून मान हलवायचे. उत्तर चुकलं तर येऊन बटण दाबायचे आणि हळूच कानाशी समजावायचे. एका खोलीत दोन गुरुजी झाले होते. कधी मध्येच कुकरची शिट्टी वाजायची. आईनं बंदी मोडली की ती अशी सगळ्या वर्गासमोर पकडली जायची, आणि पोरं आज गुरुजींकडं डाळ म्हणून खिदळायची.

सगळ्यांत लांब थांबणं बुधीचं होतं. बुधी डोंगरातल्या ठाकरवाडीची, माझ्याच वर्गातली, हडकुळी, केसांना भरपूर तेल. तिची आई पावसाच्या तोंडाला शेवळं घेऊन आमच्या दारात यायची. आई ती भाजी खाज मारणारी काकडं घालून रांधायची, आणि घसा खवखवतोय का हे बघायला पहिला घास नेहमी बाबांना घ्यावा लागायचा. वाडीतून शाळेत तीनच पोरं येत, बुधी आणि तिचे दोन दांडगे चुलतभाऊ. वाडीतलं बोलणं वेगळं, पुस्तकातलं वेगळं. बुधीला उत्तर यायचं, पण ते आधी वाडीच्या बोलीत यायचं. मग ती ते मनातल्या मनात आमच्या बोलीत आणायची, मग एकदा दाराकडे बघायची आणि मग बोलायची. आधीच्या वर्गांत तिला मुकी म्हणायचे. बाबांनी हे सगळं हेरलं होतं. धडा भरताना तिचं नाव घेतलं की ते उठून खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बसायचे, तेवढा वेळ तिचा. त्यामुळे बुधीच्या थांबण्यात आमचं घर ऐकू यायचं: कोंबडीची कुरकुर, बाहेर ठिबकणारी पन्हळ, स्वयंपाकघरातून आईचं तांदळाची भाकरी थापणं. अपूर्णांकांच्या धड्यात तिला विचारलं होतं, अर्ध्या भाकरीचे दोघांत सारखे वाटे केले तर एकाला किती? कोंबडी झाली, पन्हळ झाली, भाकरी थापून झाली, आणि बुधी म्हणाली, चतकोर. तेवढ्यात डब्यातून बाबा म्हणाले, शाबास. तिच्या तोंडावरचं ते हसू मला अजून दिसतं. त्या दिवसापासून तिनं शाळा चुकवली नाही.

मी आता स्वतः खालापूरकडच्या एका शाळेत शिकवते. आठवणी लिहायचं तुझं वय नाही असं आई म्हणते आणि तिचं खरं असेल, पण बाबा जाऊन काही वर्षं झाली आणि हे लिहून ठेवणारं दुसरं कुणी नाही. माझ्या वर्गात भिंतीएवढा स्क्रीन आहे. बोट लावलं की हृदय धडधडतं, ज्वालामुखी फुटतो. परवा आम्हा शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान परिणामकारक कसं वापरावं याचं प्रशिक्षण होतं. शिकवणारा मुलगा हुशार होता, समजावत होताही छान. तो म्हणाला, व्हिडिओत रिकामी जागा ठेवू नका, क्षणभर शांतता झाली की मुलांचं लक्ष गेलंच समजा. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला. त्याला काय सांगणार होते, आणि कुठून सुरुवात करणार होते? तोवर चहा आला होता.

शाळा आणि ठाकरवाडी यांच्या मध्ये एक ओहोळ आहे. उन्हाळ्यात त्यात गोट्या खेळता येतात. पावसाळ्यात घोट्याएवढं, फार तर गुडघ्याएवढं पाणी, आणि पलीकडे जायला दगड. पण डोंगराच्या माथ्यावर सर कोसळली की खाली लख्ख ऊन असतानाही ओहोळ एकाएकी भरून येतो. म्हणून आमच्या शाळेची एक रीत होती. बाबा शिकवता शिकवता खिडकीतून डोंगराकडे बघत राहायचे. माथा काळा झाला की वाक्य अर्ध्यावर टाकून ओरडायचे, वाडीवाले, उठा! तिन्ही पोरं दप्तर उचलून पळायची, पाणी यायच्या आत ओहोळ ओलांडायला. किती वाजलेत, काय चाललंय, काही बघायचं नाही. ही रीत कुठल्या नियमात नव्हती. बाबांना ती आधीच्या गुरुजींनी सांगितली होती आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. आम्हा गावातल्या पोरांना डोंगराकडे बघायची सवयच नव्हती. ते गुरुजींचं काम होतं. त्या वर्षी तर बाबा ओरडायचेही नाहीत. वाडीच्या पोरांजवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायचे आणि दार दाखवायचे. शेजारच्या खोलीत काही कळायचं कारणच नव्हतं.

शेजारच्या खोलीत मोहिते बाई होत्या. जूनमध्येच आलेल्या, दुष्काळी माण तालुक्याकडच्या, नव्या, हौशी, पोरांना जीव लावणाऱ्या. आमच्याकडं ढग दिसला की माणसं अंगणात येऊन उभी राहत्यात, असं त्या सांगायच्या. श्रावणात बाबा मुंबईच्या हॉस्पिटलात गेले, आई त्यांच्याबरोबर आणि मी कुंदाकाकूकडे. जाण्याआधी बाबांनी पुरतील तेवढे धडे भरून ठेवले, कविता, पाढे, शुद्धलेखन, काही म्हणून सोडलं नाही, आणि डबा बाईंच्या हवाली केला. कोणता धडा कधी लावायचा, उत्तर चुकलं की कुठलं बटण दाबायचं, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. डोंगराचं सांगायचं राहिलं. ज्या गोष्टीला रोज हात आपोआप उठतो ती सांगावी लागते, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही आलं नसतं.

त्या दिवशी ऊन होतं, श्रावणातलं, धुतलेलं. शाळेचं अंगण वाळलं होतं. अपूर्णांकांचा धडा उजळणीसाठी पुन्हा लावला होता आणि बाई दोन्ही खोल्यांतून ये-जा करत होत्या. मध्येच बुधीचा मोठा चुलतभाऊ उठला आणि म्हणाला, बाई, आमाला सोडा. कशाला, तर त्याला धड सांगता येईना. आभाळ, एवढंच म्हणाला. बाईंनी अंगणातल्या उन्हाकडे बघितलं आणि हसून म्हणाल्या, बस रे, एवढा धडा होऊ दे. तो बसला. बुधी तर उठलीच नव्हती, तिचं नाव अजून यायचं होतं. ती वाट बघत राहिली, नाव आलं, थांबणं झालं, तिनं चतकोर म्हटलं, बाबांनी डब्यातून शाबास म्हटलं, आणि मग शाळा सुटली. मुलगे पुढे होते, ते पलीकडे पोचले. बुधी मधल्या दगडावर होती.

गावातली माणसं अंधार पडेपर्यंत ओहोळाच्या काठानं खाली खाली शोधत गेली. बुधी दुसऱ्या दिवशी सापडली. कुंदाकाकूनं मला जवळ घेऊन झोपवलं आणि मला झोप लागली, याचं मला आजही नवल वाटतं.

आईला फोनवर कळलं, पण बाबांना तिनं सांगितलं नाही. ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यांना जपायला सांगितलं होतं, आणि मग आज सांगू, उद्या सांगू करता करता घरी यायचा दिवस आला. बाबा आले ते गळ्याला पट्टी बांधून. पट्टीखाली एक भोक होतं, त्यातून ते श्वास घ्यायचे. आवाज कायमचा गेला होता. बोलायचं ते माझ्या पाटीवर लिहून बोलायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई दारातच डोळ्यांनी खुणावत होती, आणि मलाही तिनं शपथ घातली होती. सोमवारी ती नको नको म्हणत असताना बाबा शाळेत आले. रजा होती, पण नुसतं बसतो म्हणाले, म्हणजे लिहिलं.

बाई डबा लावायला तयार नव्हत्या. बाबांनी स्वतः लावला. मला वाटतं त्यांना तो ऐकायचा होता. त्यांचा आवाज आता तेवढाच उरला होता. हाताला आला तो अपूर्णांकांचा धडा. राजूचं नाव आलं, राजू उठला. सविता उठली. मग डब्यातून बाबा म्हणाले, "बुधी, तू सांग गं," आणि थांबणं सुरू झालं. बाबांनी तिच्या जागेकडे बघितलं. वाडीच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या, पण पावसापाण्याचं असं व्हायचंच, त्यांना काही वाटलं नाही. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे खाली बघत होतो. कोंबडी कुरकुरली, पन्हळ ठिबकली, आई भाकरी थापायला लागली आणि थापतच राहिली. मला वाटलं डबा बिघडला. मग बाबा म्हणाले, "शाबास."

त्यांनी डबा बंद केला आणि पाटीवर लिहिलं, बुधी कुठाय? पाटी सगळ्या वर्गापुढून फिरवली आणि शेवटी माझ्यासमोर धरली. आईनं शपथ घातली होती, पण शाळेत ते माझे बाबा नव्हते. मी म्हणाले, "ओहोळात गेली, गुरुजी." त्यांनी हातानंच पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि बाईंकडे धरली. डोंगर काळा होता? बाई रडायला लागल्या. म्हणाल्या, "इथं ऊन होतं, सर." बाबांनी मान हलवली. बाईंना दोष देणारी ती मान नव्हती. त्यांना जे समजायचं ते समजलं होतं. मग ते खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. रडताना माणसाचा आवाज येतो असं आपण धरूनच चालतो. बाबांचा येत नव्हता. नुसती पाठ हलत होती आणि गळ्याच्या भोकातून वारा फुसफुसत होता. माझ्या बाबांची इतकी कीव मला त्याआधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही.

वाडीतली एक बाई त्या दिवशी भाजी विकायला खाली आली होती. शाळेवरून जाताना तिनं डबा ऐकला. दोन दिवसांनी बुधीची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना, उंबऱ्याबाहेरच बसली. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरंच झालं असतं, कारण बाबा त्या दोन दिवसांत जेवले नव्हते आणि आईशीही काही लिहीत नव्हते. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी पोरीला हाक मारता म्हनं. मला आयकवा."

बाबा हातानं नको नको म्हणत होते. ती उठेना. शेवटी मोहिते बाईंनीच डबा आणला आणि धडा तिथवर पुढे नेला. ती डब्याकडे बघत नव्हती, बाबांच्या तोंडाकडे बघत होती. तोंड बंद आणि आवाज मात्र त्यांचाच, हे तिला उलगडत नसावं. बुधी, तू सांग गं, असं झालं आणि आवाज थांबला. तिनं मला विचारलं, बंद पडला का ह्यो? मी म्हणाले, नाही, बुधीला वेळ लागायचा, म्हणून गुरुजी तिच्यासाठी थांबायचे. ती पुन्हा ऐकत राहिली, पार शेवटापर्यंत. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "येवढं तर आमी बी कदी थांबलो नाय तिच्यासाठी. चल गं, उठ गं, आवर गं, ह्येच केलं."

मग ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाबांपुढे हात जोडले.

"गुरुजी, आता तिला हाक नका मारू. तुमची हाक आली तर ती निघंल. शाळंला ती कदी नाय म्हनली नाय. मधी ओहोळ हाय."

बाबा तिला ओहोळापर्यंत पोचवायला गेले आणि ती पलीकडे जाऊन दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभे राहिले, असं राजूनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोहिते बाईंनी आमच्या घरी येऊन आपल्या लॅपटॉपवर धड्यातून बुधीचं नाव काढलं. बाबा शेजारी बसून होते. नाव गेल्यावर मागचं नुसतं थांबणं फारच विचित्र वाटायला लागलं, म्हणून तेही काढलं, आणि मग शाबासही. आईची एक भाकरी भाजून होईपर्यंत सगळं झालंसुद्धा. धडा सलग झाला. सवितानंतर थेट पुढचं उदाहरण; जोड कुठे आहे ते कान देऊनही कळत नव्हतं.

वाडीची पोरं त्या पावसात परत आली नाहीत. वाडीवाल्यांनी भांडण केलं नाही, कुणाला शब्दानं दुखवलं नाही, फक्त पाठवणं बंद केलं. बाबा मात्र रोज शाळेत येत राहिले. डबा शिकवायचा आणि ते खिडकीशी उभे असायचे. डोंगराचा माथा काळा झाला की डबा बंद करायचे, ओसरीवर जाऊन जोरजोरात घंटा वाजवायचे आणि दाराच्या एका बाजूला उभे राहायचे, पळणाऱ्या पोरांना वाट राहावी म्हणून. आम्ही वहीतून मान वर करायचो आणि पुन्हा खाली घालायचो, कारण ती घंटा आमच्यासाठी नाही हे आम्हाला ठाऊक होतं. ते थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मग आत यायचे आणि डबा पुन्हा सुरू करायचे.